लिनक्स मीटअपमध्ये आपला डेस्कटॉप कसा दाखवावा

सांगलीत लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम) मीटअपला इंजिनिअरिंगची मुलं येणारच. पण मार्केट यार्डात अडतीचा हिशेब ठेवणारा माणूसही येऊ शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित अपडेट थांबली आणि त्याचा जुना पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. रोजचं काम लिनक्सवर होईल का, हा त्याचा प्रश्न. म्हणून डेमो कामांवरून ठरवा. कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये हळदीच्या पट्ट्यांची बेरीज, सातबाऱ्याची पीडीएफ फोनवरून लॅपटॉपवर घेणं आणि मराठीत एक पत्र टाइप करणं. वीस मिनिटांत एवढंच नीट बसतं. थीम आणि वॉलपेपर ओघात दिसतात, त्यांना वेगळा वेळ नको.

वेगळा युजर तयार करा

नेहमीच्या लॉगिनमधून डेमो दिला की ब्राउझरची हिस्टरी आणि घरच्यांचे मेसेज पडद्यावर येतात. 'डेमो' नावाचा युजर बनवा आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' या सेटिंगच्या फोल्डरातून फक्त लागणाऱ्या फाइल त्यात टाका. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून कॉपी केलेल्या फाइलींची मालकी रूटकडेच राहते, मग सेटिंग सेव्ह होत नाहीत. मालकी नव्या युजरच्या नावे करा. दुसरं, कॉन्फिगमध्ये जुन्या युजरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे वॉलपेपर आणि स्क्रिप्ट सापडत नाहीत. लिनक्सवर ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई असे डेस्कटॉपचे वेगवेगळे प्रकार असतात. ग्नोम वापरत असाल तर बरीचशी सेटिंग डीकॉन्फ या साधनाच्या डेटाबेसमध्ये असतात; ती डीकॉन्फच्या 'डम्प'ने काढून 'लोड'ने भरा.

प्रोजेक्टर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. जुन्या हॉलमध्ये छतावरून व्हीजीए केबलच खाली आलेली असते आणि लॅपटॉपला असतो एचडीएमआय किंवा टाइप-सी. डिजिटल सिग्नल ॲनालॉग करावा लागतो, म्हणून आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागेल. साधी जोडकेबल चालत नाही. व्हीजीएवरून आवाज जात नाही, तेव्हा स्पीकर वेगळा न्या. केबल लांब किंवा एखादी पिन तुटलेली असेल, तर प्रोजेक्टर स्वतःची माहिती लॅपटॉपला कळवू शकत नाही आणि १०२४×७६८ इतकंच रिझोल्यूशन मिळतं. त्यात मोठ्या डायलॉगचं 'ओके' बटण पडद्याखाली जातं. ग्नोम आणि प्लाझ्मात विंडोज-की, एक्सएफसीईत आल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढा.

दोन ग्राफिक कार्डांच्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेला असतो. बॅटरी वाचवायला ते कार्ड बंद ठेवलं असेल, तर केबल लावूनही काही दिसत नाही. घरच्या टीव्हीला जोडून आधीच खात्री करा. डेमोला 'मिरर' ठेवा, म्हणजे लॅपटॉपवर आणि पडद्यावर एकच चित्र दिसेल. पडदा वेगळा डेस्कटॉप धरणाऱ्या 'एक्स्टेंड'मध्ये तुम्ही पडद्याकडे मान वळवून काम करत राहता.

दिवसा हॉलमध्ये गडद थीम दिसत नाही. उजळ थीम लावा आणि टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) फॉन्ट २० पॉइंटपर्यंत वाढवा. बारीक जागा मोठी करायला प्लाझ्मात विंडोज-की आणि '=', ग्नोममध्ये आल्ट, विंडोज-की आणि ८, एक्सएफसीईत आल्ट दाबून माउसचं चाक. नोटिफिकेशन आणि स्क्रीन लॉक बंद ठेवा. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमधला 'प्रेझेंटेशन मोड' स्क्रीन झोपू देत नाही.

कळा दिसू द्या

आयथ्री किंवा स्वेसारखा टाइलिंग विंडो मॅनेजर (खिडक्या शेजारी-शेजारी आपोआप मांडणारा, कळांनी चालणारा प्रोग्राम) दाखवणाऱ्याची बोटं इतकी भरभर चालतात की मागच्या रांगेला खिडक्या आपोआप हलल्यासारखं वाटतं. दाबलेली कळ पडद्यावर उमटवा. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या लिनक्समध्ये दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स ११ आणि नवी वेलँड. एक्स ११ वर त्यासाठी स्क्रीनकी हा प्रोग्राम चालतो. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा वाचता येत नाहीत, तिथे शो-मी-द-की घ्या. पासवर्ड टाकण्याआधी दोन्ही बंद करा, नाहीतर तोही सगळ्यांना दिसेल. आपलं सेशन वेलँड आहे की एक्स ११, हे आधी बघा. प्लाझ्मा ६ (२०२४) मध्ये वेलँड हीच मूळ निवड आहे, आणि वेलँडवर एक्सरँडर या कमांडने रिझोल्यूशन बदलायला गेलात तर ते बदलत नाही. डिस्प्ले सेटिंगमधून बदला.

फोन आणि मराठी

फोनवरून पीडीएफ घ्यायला फोन आणि लॅपटॉप जोडणारं केडीई कनेक्ट हे ॲप वापरा. कॉलेजच्या वायफायवर उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी व्यवस्था असू शकते; दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट घ्या, आणि फायरवॉल चालू असेल तर १७१४ ते १७६४ हे टीसीपी आणि यूडीपी पोर्ट उघडा.

मराठीसाठी आयबस या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड आधीच जोडून ठेवा. प्रेक्षकांतून कुणी श्रीलिपी या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमधली जुनी फाइल पेन ड्राइव्हवर आणली तर अक्षरं भलतीच दिसू शकतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसते. दोष लिनक्सचा नाही, हे स्पष्ट सांगा आणि युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल हेही सांगा.

वीज

आपल्या भागात देखभालीसाठी वीज कोणत्या वारी बंद असते, ते पाहून दिवस ठरवा. लॅपटॉप पूर्ण चार्ज असला तरी प्रोजेक्टर बंद पडतोच. दिव्याचा प्रोजेक्टर असा अचानक बंद झाला की दिवा गार होईपर्यंत लगेच पेटत नाही. वीज आल्यावर बटण पुन्हापुन्हा दाबू नका. तेवढ्या वेळात लोकांना लॅपटॉपभोवती बोलवा आणि कीबोर्ड त्यांच्यापैकी एकाच्या हाती द्या.