चालायला लागताय? या चुका टाळा: घड्याळ नंतर, आधी बूट

चालायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात घरात काय काय येतं! मनगटावरचं घड्याळ, कमरेला बांधायची बाटली, घोट्याला अडकवायची वजनं. बूट मात्र कपाटात पडलेलेच काढले जातात. मीही तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं आणि मी खापर फोडलं चालण्यावर.

नख काळं पडतं ते पायाची बोटं बुटाच्या टोकावर आपटून. बूट तरी आखूड असतो, नाहीतर नाडी तरी ढिली. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. हे लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट पुढे असतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. चालताना घालणार तेच मोजे चढवून दोन्ही पायांत बूट घालून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असू शकतो, माप त्याचं धरायचं. ‘वापरून सैल होतील’ असं दुकानात कुणी म्हणालं तर सरळ पुढच्या जोडीकडे वळा. दुकानात चावणारा बूट रस्त्यावर जास्तच चावतो.

आता बूट हातात घेऊन टोक वर वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर नको, आणि फळीसारखा ताठ असेल तरीही नको. चालताना आधी टाच टेकते, मग पाऊल पुढे कलंडत चवड्यावर येतं. टाच फार जाड असली की पाऊल कलंडण्याऐवजी आपटतं आणि त्याला आवरताना नडगीच्या स्नायूला जादा राबावं लागतं. पळण्याचे बूट चालण्याला चालतात, फक्त टाचेची उंची बघून घ्या. नडगी दुखण्याचं दुसरं कारण म्हणजे वेग वाढवायला टाकलेल्या लांब ढांगा. पावलं छोटी ठेवून भरभर टाकली की ही तक्रार बरीच कमी होते.

खालचा सोल शाबूत आहे म्हणून जुनी जोडी ओढत राहणं हीही नेहमीची चूक. आतला फोम त्याआधीच दबून बसलेला असतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर हे बुटाचं आयुष्य. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याचे बूट चार ते सात महिन्यांत तिथे पोचतात. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, नाहीतर ‘परवाच तर घेतले’ असंच वाटत राहतं.

टाच बुटात वरखाली होऊन फोड येत असतील तर लगेच नवे बूट घेऊ नका. घोट्याजवळचं जादा भोक बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून ओवून छोटा फास ठेवायचा, दोन्हीकडे तसंच करायचं, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढून खाली खेचायचं आणि गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते. शिवाय सुती मोजे बदला. सूत घाम धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

आता ते घड्याळ. दहा हजार पावलांचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पाऊलमापक बाजारात आलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’. जागतिक आरोग्य संघटना मिनिटं मोजते: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम. मध्यम वेग म्हणजे मिनिटाला सुमारे शंभर पावलं. पंधरा सेकंदांत पंचवीस मोजली की झालं. बोलता येतंय पण गाता येत नाही, ही त्याहूनही सोपी खूण.

मनगटाचं घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं. बाबागाडी ढकलताना किंवा खिशात हात घालून चालताना आकडा कमी आला तर ते बिघडलेलं नाही. नाडीचे ठोके भलतेच जास्त दाखवत असेल तर पट्टा घट्ट करून मनगटाच्या हाडाच्या जरा वर सरकवा. सैल पट्ट्यात ते कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. फोनमधल्या नकाशावर वळणदार वाट सरळ रेघ होऊन उमटते तेव्हा बॅटरी वाचवण्याची सोय चालू आहे का पाहा. तिच्यामुळे जीपीएस मधेमधे झोपतं.

घोट्याची वजनं काढून ठेवा. चाल बिघडते, गुडघ्यावर ताण येतो. त्यापेक्षा चढ शोधा. तासाभराच्या आतल्या फेरीसाठी, फार ऊन नसेल तर, घरून पाणी पिऊन निघालं तरी पुरतं.

अंधारात चालणारे चमकपट्टीचं जाकीट घेतात, ते ठीकच आहे. पण पट्टी घोट्यालाही बांधा. छातीवरची चमक दुरून खांबावरचीही वाटू शकते. घोट्यावरची वरखाली होत पुढे सरकते, आणि चालकाला तेवढ्यावरून कळतं की समोर माणूस चालतोय.