जीन थेरपीचं नाव निघालं की पैशाच्या मागे धावायच्या आधी हे विचारा

भाच्याला एसएमए (स्नायू कमजोर करत जाणारा जनुकीय आजार) निघाला तेव्हा आम्ही पहिलं काय केलं तर फंड गोळा करायचं पेज बनवलं, पोराचा फोटो, क्यूआर कोड, सगळं. हे चुकलंच. आधी अँटिबॉडी टेस्ट करायची असते हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

म्हणून आधी व्हायरस समजून घ्या. एएव्ही नावाचा व्हायरस आतून रिकामा करून त्यात चांगला जीन भरतात, म्हणजे तो शरीरात स्वतःच्या कॉप्या काढत बसत नाही, नुसतं सामान पोचवतो. पण शरीराला काय माहीत? त्याला व्हायरस दिसला की तो अँटिबॉडी तयार करणार, त्यामुळे हा डोस एकदाच, पुन्हा तोच व्हायरस चालत नाही. आणि असल्या व्हायरसशी आधीच कधी गाठ पडली असेल तर अँटिबॉडी तयारच असतात, मग औषधाचे 16 कोटी जमले तरी थांबावं लागतं. झोल्गेन्स्माला, म्हणजे एसएमएच्या जीन थेरपीच्या औषधाला, एएव्ही9 ची अँटिबॉडी टेस्ट लागते, डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) किती आला?"

दुसरं, जीन मावतो का ते विचारा. एएव्हीत डीएनएची साधारण 4700 अक्षरंच बसतात. एसएमएचा जीन आरामात बसतो, पण डुशेन या स्नायूंच्या दुसऱ्या आजाराचा 11000 च्या वर, म्हणजे टू बीएचकेचं सामान वन आरकेत! त्यात कापून छोटा केलेला जीन घालतात, तेव्हा "पूर्ण की छोटा" हे विचारायला लाजू नका.

तिसरं, व्हायरस पेशंटला टोचणार की बाहेरच वापरणार? आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी केलेल्या नेक्सकार 19 ला 2023 मध्ये परवानगी मिळाली, ती ब्लड कॅन्सरसाठी आहे, त्यात पेशंटच्या टी सेल (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून लॅबमध्ये लेंटिव्हायरस या वेगळ्या व्हायरसने बदलतात आणि परत चढवतात. दोन्हीचे धोके वेगळे, कुणा कॅन्सरवाल्या काकांच्या अनुभवावरून एसएमएचा अंदाज बांधू नका.

पैशाचं थोडक्यात, मुंबईचं केईएम हॉस्पिटल दुर्मिळ आजारांच्या सरकारी केंद्रांपैकी एक आहे, या आजारांच्या 2021 च्या सरकारी पॉलिसीत आता 50 लाखांपर्यंत मदत बसते, आधी तिथे नाव नोंदवा. आणि ट्रायल म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

आता डोसनंतरचं, जे कुणी नीट सांगत नाही. सलाइनमधून तासाभरात संपतं, पण स्टिरॉइड आदल्या दिवसापासून महिनाभर तरी चालतं, लिव्हरची टेस्ट पुन्हा पुन्हा होते, लसींच्या तारखा पुढेमागे होतात. घरात सर्दीवाल्या पाहुण्यांना बंदी, मग आत्या रुसली तरी चालेल. शीमधून व्हायरस थोडा थोडा बाहेर पडत असतो, म्हणून महिनाभर डिस्पोजेबल नॅपीच, दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात, आणि दर वेळी साबणाने हात. आमच्या आईने तर नॅपीच्या पिशव्यांसाठी बाल्कनीत वेगळी बादलीच ठेवलेली, वर पाटा!