अहमद हिल्मी पाशांचे चरित्र-टिपण कसे लिहावे

अहमद हिल्मी पाशा हे पॅलेस्टाईनमधील अरब राजकारणी आणि बँकर. त्यांच्या टिपणाची सुरुवात जन्मापासून करू नका. जन्मवर्षाबाबत नोंदी जुळत नाहीत, आणि काम तिथेच अडते. आधी पक्क्या तारखा मांडा: १९३० मध्ये जेरुसलेमला स्थापन झालेल्या अरब बँकेशी संबंध, एप्रिल १९३६ मध्ये अरब उच्च समितीचे (पॅलेस्टिनी अरबांच्या राजकीय नेतृत्व-संस्थेचे) खजिनदारपद, ऑक्टोबर १९३७ मध्ये ब्रिटिशांनी सेशेल्सला केलेली हद्दपारी, सप्टेंबर १९४८ मध्ये गाझातील अखिल-पॅलेस्टाईन सरकारचे पंतप्रधानपद, १९६३ मध्ये निधन.

प्रत्येक तारखेपुढे तेव्हा सत्ता कोणाची होती ते लिहा: उस्मानी, ब्रिटिश की इजिप्तची. हा रकाना गाळला की १९४८ चे सरकार खरोखर स्वतंत्र होते असे वाटू लागते. प्रत्यक्षात काही आठवड्यांतच ते कैरोला हलले आणि इजिप्तवर अवलंबून राहिले. टिपणाचा निम्मा भाग या पेचालाच द्यावा, माणूस इथेच कळतो.

उस्मानी कागदांवर रूमी सन (उस्मानी सरकारी कामकाजातला सौर सन) असेल, तर इसवी सन काढायला त्यात ५८४ मिळवा. १९१८ पूर्वीच्या जानेवारी-फेब्रुवारीसाठी ५८५. हिजरी सनाला हे सूत्र चालत नाही, म्हणून आधी सन ओळखा.

अरब बँकेचे संस्थापक अब्दुल हमीद शोमान. ते श्रेय हिल्मींच्या नावे टाकू नका.