पाकिटावरचं लेबल वाचताना या चुका टाळा

आईला बीपी निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, मग आम्ही भाजी-आमटीतलं मीठ जवळजवळ निम्म्यावर आणलं, बाबांना अळणी आवडत नाही तरी तेही गुमान जेवायचे. तीन महिन्यांनी बीपी होता तिथंच. मग एक दिवस आईनं सकाळपासून काय काय खाल्लं ते मी वहीत लिहून काढलं. चहाबरोबर खारी, जेवताना पापड आणि लोणच्याची फोड, चारच्या सुमारास वाटीभर शेव, रात्री भूक नाही म्हणून पाकिटातलं सूप. भाजीतनं काढलेलं मीठ इकडून परत पोटात जात होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता, कारण पाकिटावर मीठ असा शब्दच सापडत नाही, तिथं सोडियम लिहिलेलं असतं.

तर पहिली चूक हीच, मीठ शोधणं. सोडियमचा आकडा बघायचा आणि त्याला अडीचने गुणायचं, तेवढं मीठ. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, साधारण चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात घरच्या स्वयंपाकातलंही आलं. समजा शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि तुम्ही ५० ग्रॅम खाल्ली, तर १ ग्रॅम मीठ तिथंच संपलं. बेकिंग सोड्यातही सोडियम असतं, त्यामुळे खारट न लागणाऱ्या बिस्किटातही ते निघतं. आणि एक महत्त्वाचं, लो सोडियम मीठ आणायच्या आधी डॉक्टरांना नक्की विचारा, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं.

दुसरी चूक, आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या वाढपाचा, हे न बघणं. सर्व्हिंग किती ते कंपनी ठरवते, कुठं दोन बिस्किटं कुठं तीस ग्रॅम चिवडा, आपण काय तेवढ्यावर थांबतो का. म्हणून दोन पाकिटांची तुलना करताना कायम १०० ग्रॅमचाच रकाना धरा आणि मग आपण खरंच खातो त्या वजनाचा हिशोब करा. समजा बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ४९० कॅलरी, साखर २२ ग्रॅम, फॅट २१ ग्रॅम असं आहे आणि एक बिस्किट १२ ग्रॅमचं. चहात चार बुडवली की झाले ४८ ग्रॅम, म्हणजे साडेदहा ग्रॅम साखर, दोन चमच्यांच्या वर, शिवाय चहातली वेगळी, आणि कॅलरी २३५. एवढ्यात दोन-तीन पोळ्या होतात!

आकडे खरे वाटत नसतील तर तपासता येतात. कार्बोहायड्रेट आणि प्रोटीन ग्रॅममागे ४ कॅलरी, फॅट ९. वरच्या पुड्यात कार्ब ६८ आणि प्रोटीन ७ असेल तर २७२ अधिक २८ अधिक १८९, म्हणजे ४८९, जुळलं. थोडाफार फरक चालतो, फायबरमुळेही पडतो, पण खूपच तफावत असेल तर बहुतेक आपणच एखादा आकडा चुकून सर्व्हिंगच्या रकान्यातला घेतलाय.

आता समोरची बाजू. नाचणी बिस्किट, मल्टिग्रेन ब्रेड, वर कणसाचं चित्र. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा, ज्याचं वजन सगळ्यात जास्त तो घटक आधी असा नियम आहे. पहिलाच शब्द मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी पुढे कुठंतरी ८ टक्के असेल तर ते मैद्याचंच बिस्किट आहे हो. ब्रेडचा तपकिरी रंग कॅरॅमलचाही असतो, यादीत १५० नंबरचा रंग दिसला की समजायचं. साखर पण वेगवेगळ्या नावांनी येते, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गूळ, आणि अशी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. म्हणून अ‍ॅडेड शुगरची ओळ वेगळी वाचा.

नो अ‍ॅडेड शुगर म्हणजे वरून साखर घातली नाही एवढंच, फळांच्या रसातली किंवा खजुरातली साखर आहेच. शुगर फ्री म्हणजे १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम किंवा कमी साखर, पण मैदा तसाच असतो. शुगर फ्री बिस्किटं खाऊनही शुगर वाढतेय अशी तक्रार असेल तर एकूण कार्बोहायड्रेटचा आकडा बघा, उत्तर बहुतेक वेळा तिथं सापडतं. साखरेऐवजी घालतात ते माल्टिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर पोटही बिघडतं.

शेंगदाणा तेलावर कोलेस्टेरॉल फ्री बघून जास्त पैसे देऊ नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते सांगण्यासारखं नसतं. आपण बघायचं ते सॅच्युरेटेड फॅट, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारं. दुधाच्या पिशवीचंही तसंच, टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६, रंगावरून अंदाज करू नका, कंपनीगणिक पिशवीचा रंग बदलतो.

पाच-दहा रुपयांच्या पुडीवर माहितीच नाही असं झालं तर त्याच मालाचं मोठं पाकीट बघा, लहान पुडीला बऱ्याच मजकुरातून सूट आहे. अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करायचा, आई आता तेच करते. परवा सुपाचं पाकीट फोटोत वाचून तिनं दुकानदाराला परत दिलं आणि घरी येऊन मुगाचं कढण केलं, मीठ बेताचं, वर लिंबू पिळून.