टायपो दुरुस्त करायला बसण्याआधी

ओपन सोर्स प्रकल्पाच्या दस्तऐवजातला टायपो (टंकनाची चूक) सुधारून पाठवायचा असेल तर आधी एडिटरच्या सेटिंगमध्ये जा आणि सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काढायची सोय बंद करा. सेव्हबरोबर आपोआप फॉरमॅट करणं असेल तर तेही. एका अक्षराच्या दुरुस्तीचा पॅच (पाठवायच्या बदलांची फाइल) तीनशे ओळींचा होतो तो यानेच. एडिटरला ती रिकामी जागा कचरा वाटते, पण ती नेहमीच कचरा नसते. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी सांगायची पद्धत) ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोड'. त्या गेल्या की एकाखाली एक असलेल्या ओळी एका परिच्छेदात चिकटतात. पायथनच्या डॉकटेस्टमध्ये (दस्तऐवजातली उदाहरणं चालवून पाहणारी चाचणी) अपेक्षित आउटपुटच्या शेवटची स्पेसही जुळवून पाहिली जाते. ती गेली की टेस्ट पडते आणि तुम्ही तर फक्त स्पेलिंग सुधारलं होतं. ओळ संपवायची पद्धत विंडोजची की युनिक्सची, तेही आताच बघा, नाहीतर अख्खी फाइल बदललेली दिसेल. प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची (सगळ्यांच्या एडिटरसाठी सामायिक सेटिंगची) फाइल असेल तर ती तुमच्या सेटिंगवर मात करते. ती उघडून वाचा.

क्लोन (प्रकल्पाची स्वतःकडची प्रत), नवी ब्रँच (बदलांची वेगळी शाखा), योगदानाचे नियम: हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त स्थिर आवृत्तीचं पान वाचत असाल तर मुख्य ब्रँचवर ती चूक अजून आहे का ते पाहून घ्या. बऱ्याचदा कोणीतरी आधीच सुधारलेली असते.

मग मूळ फाइल शोधा. मॅन पेज (युनिक्समधलं कमांडचं माहितीपान) अनेकदा अ‍ॅस्किडॉक, डॉकबुक किंवा पर्लच्या पॉड अशा लेखनपद्धतींमधून तयार होतं, एपीआयची (प्रोग्रामला वापरता येणाऱ्या फंक्शनांची) पानं कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनांतून, म्हणजे डॉकस्ट्रिंगमधून. तयार झालेल्या फाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला (मूळ फाइलींतून पानं पुन्हा तयार करताना) पुसली जाते. शोधताना गिट ग्रेपला (गिटमधली शब्दशोधाची कमांड) पूर्ण वाक्य देऊ नका, मूळ फाइलमध्ये ते दोन ओळींत तुटलेलं असतं. चुकीच्या शब्दाला लागून असलेले दोन-तीन शब्द पुरतात.

ती चूक आहे तरी का? एचटीटीपीच्या 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात ते तसंच आहे आणि आजही तेच बरोबर. युनिक्सच्या 'क्रिएट' सिस्टम कॉलला शेवटचा 'ई' नाही. कोडस्पेलसारखं स्पेलिंग तपासणारं साधन वापरा, पण थेट फाइलमध्ये लिहू द्यायचा पर्याय लावून मोकळं सोडू नका; एकेक सुचवणी बघा. ब्रिटिश स्पेलिंगचं अमेरिकन करणं ही दुरुस्ती नव्हे. दस्तऐवजात उद्धृत केलेल्या एरर मेसेजमध्ये टायपो असेल तर प्रोग्राम काय छापतो ते तपासा. प्रोग्रामच चुकीचं छापत असेल तर कोड आणि दस्तऐवज एकाच वेळी बदला, नाहीतर पडद्यावरचा मजकूर शोधणाऱ्याला ते पान सापडणारच नाही.

मार्कअपमध्ये (मांडणीच्या खुणांमध्ये) सर्वांत जास्त घोळ रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला (तशीच पण वेगळी पद्धत) मार्कडाउन समजण्याने होतो. मार्कडाउनमध्ये कोडसाठी एक बॅकटिक (`) पुरतो, इथे दोन लागतात. एकच दिलात तर काही तक्रार न होता शब्द बहुधा तिरपा दिसतो. सूचनेची चौकट आणणाऱ्या 'नोट'च्या पुढे दोनऐवजी एकच कोलन पडला तर तो निर्देश राहत नाही, कॉमेंट होते, आणि आतली अख्खी सूचना पानावरून गायब. इशारा नाही, एरर नाही. अशी जागा सापडली तर ती दहा टायपोंपेक्षा मोलाची. शीर्षकात अक्षर वाढवलंत तर खालची रेघही वाढवा, ती शीर्षकापेक्षा आखूड चालत नाही. कोडबाहेर साध्या मजकुरात लिहिलेल्या '--' चा स्फिंक्स (दस्तऐवजाची पानं तयार करणारं साधन) छापील डॅश करतो. वाचक '--' ने सुरू होणारा पर्याय तसा कॉपी करतो आणि कमांड तो ओळखत नाही. मार्कडाउनमध्ये कोनी कंसातला एकटा शब्द (फाइलनावाच्या जागी लिहितात तसा) उघडा ठेवला तर तो एचटीएमएल टॅग समजून गिळला जातो.

मॅन पेजच्या रॉफमध्ये (त्यांची मांडणीची भाषा) परिच्छेदाच्या ओळी पुन्हा जुळवताना सांभाळा. ओळीची सुरुवात बिंदूने झाली की ती आज्ञा मानली जाते. बिंदूने सुरू होणारं फाइलनाव वाक्याच्या मधे असताना ठीक होतं, तुम्ही ओळी सारख्या केल्यात आणि ते ओळीच्या तोंडाशी आलं, की ती ओळच छापली जात नाही. म्हणून एका शब्दासाठी परिच्छेद जुळवत बसूच नका. एडिटरलाही जुळवू देऊ नका. ते सेटिंग बंद केलंत ना?

शीर्षकाचा टायपो सुधारला की पुष्कळ ठिकाणी त्याचा अँकर (लिंक जिथे पोहोचते ती खूण) बदलतो आणि बाहेरून आलेल्या लिंका मोडतात. जुन्या नावाचं लेबल वर ठेवा. भाषांतरं गेटटेक्स्ट या साधनाने चालत असतील तर मूळ वाक्यातला एक स्वल्पविराम हलला तरी सगळ्या भाषांत ते वाक्य 'फझी' (पुन्हा तपासायचं) ठरतं आणि भाषांतरकाराने पुन्हा पाहीपर्यंत सहसा इंग्रजीच दिसतं. स्ट्रिंग फ्रीझ (भाषांतरासाठी मजकूर गोठवण्याचा काळ) लागला असेल तर थांबा.

बिल्ड करा. स्फिंक्स असेल तर इशाऱ्यांना एरर मानणारा पर्याय लावून, आणि तरीही बदललेलं पान ब्राउझरमध्ये उघडून बघा. वरची गायब सूचना फक्त डोळ्यांनाच सापडते. मॅन पेजला मॅनडॉक या साधनाची लिंट तपासणी पुरे.

आता डिफ, म्हणजे आधी-नंतरचा फरक. आधी 'स्टॅट' पर्याय लावून ओळी मोजा: एक शब्द बदलला तर एक ओळ गेली, एक आली, एवढंच दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तर एडिटरने हात मारला आहे. गिट डिफच्या 'चेक' पर्यायावर विसंबू नका, तो नव्याने घातलेल्या रिकाम्या जागा पकडतो, काढलेल्या नाही. आणि स्पेस लपवणाऱ्या पर्यायाने डिफ बघाल तर डिफ छान स्वच्छ दिसेल, घाण तशीच मेंटेनरकडे (प्रकल्प सांभाळणाऱ्याकडे) जाईल. घोळ झालाच असेल तर गिटच्या 'अ‍ॅड'ला 'पॅच' पर्याय देऊन तुमचा तुकडा तेवढा निवडा, बाकीचं टाकून द्या.

कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, संदेशात कोणती फाइल, काय बदललं, एका ओळीत. साइन-ऑफ (बदल पाठवण्याचा हक्क आपल्याला असल्याची सही) मागत असतील तर द्या. टायपो आणि मार्कअप वेगळ्या कमिटमध्ये. पॅच मेलने जाणार असेल तर गिटच्या सेंड-ईमेलनेच पाठवा; मेल प्रोग्राम टॅब आणि स्पेस यांची वाट लावतात, आणि मग एडिटरचं सेटिंग बंद करूनही काही उपयोग नाही.