मुलांसाठी खेळ-कला केंद्र सुरू करायचंय? जागेआधी वेळ ठरवा

"जागा मिळाली की सुरू करू" म्हणणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं जागाच शोधत बसतात. मी असं केंद्र चालवते, म्हणून ठासून सांगते, आधी वार आणि वेळ ठरवा. शनिवारी संध्याकाळी पाच म्हणजे पाच. दोनच मुलं आली तरी ताई किंवा दादा मैदानावर हजर हवा. मोठ्यांनी दिलेला शब्द मोडलेला ज्यांनी खूपदा पाहिलाय, ती मुलं सुरुवातीला लांबूनच तुम्हाला पारखत असतात. ती जवळ येईपर्यंत धीर धरा.

सुरुवातीला एक खेळ आणि एक कला पुरे, पण दोन्ही एकाच वेळी, शेजारी-शेजारी ठेवा. आमच्याकडे एक मुलगा यायचा, पण खेळायचा नाही. त्याच्या हाती गुणांची वही दिली. थोड्याच दिवसांत समासात चित्रं दिसू लागली: वाकलेला गोलरक्षक, सुटलेली बुटाची नाडी. पुढच्या सामन्याचं पोस्टर त्यानेच रंगवलं. नुसतं मैदान असतं, तर हा मुलगा आमच्या हातून गेला असता.

आता मार्गदर्शक. उत्साही माणसं पुष्कळ भेटतात. तुम्ही टिकणारी शोधा. निदान वर्षभर येणं जमेल का, हे तोंडावर विचारा आणि "बघू" म्हणणाऱ्याला मुलं सोपवू नका. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या संस्थेने जुळवलेल्या मुलं-मार्गदर्शक जोड्यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांची स्वतःच्याच नजरेतली किंमत उलट घसरली. म्हणजे अर्धवट सोडून जाण्यापेक्षा न आलेलं बरं.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवसापासून लेखी हवेत. बंद दाराआड एक मोठा आणि एक मूल, असं कधीच नको. मुलांना खासगी मेसेज नकोत. प्रत्येक मार्गदर्शकाची आधीच्या कामाच्या ठिकाणी चौकशी करा, ओळखीचा असला तरी. पालकांची सही घरी जाऊन घ्या. त्या भेटीत मुलाबद्दल जे कळतं, ते कुठल्याही फॉर्ममध्ये सापडत नाही.

मुलांना नुसतं "या, खेळा" म्हणू नका, कामाचा वाटाही द्या. केनियात, नैरोबीच्या मथारे झोपडवस्तीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशनने परिसर साफ करणाऱ्या संघांना फुटबॉल लीगमध्येच गुण दिले. ही कल्पना मला फार आवडते. आम्ही लहानांना शिकवण्याचं काम मोठ्या मुलांकडे दिलंय. दादागिरी करणारा पोरगा सात वर्षांच्या पोरीला चेंडू अडवायला शिकवताना आवाज आपोआप खाली आणतो.

पैशांचं थोडक्यात: हिशेबाची वही पहिल्या चेंडूपासून लिहा आणि पालकांना कधीही पाहू द्या.

हजेरी काही महिने टिकली की मग जागा मागायला जा, हजेरीपट सोबत घेऊन. शाळा किंवा वाचनालयाचा रिकामा हॉल मिळण्यासारखा असतो. किल्ली मात्र दोघांकडे ठेवा. एक जण आजारी पडला म्हणून मुलं कुलूप बघून परत गेली, असं होता कामा नये.