पहिली-दुसरीच्या वर्गात नावाच्या पट्ट्या कशा लावाव्यात

पट्टी लिहायला घेण्याआधी प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा: ही जागची हलते का? भिंत, दार, खिडकी हलत नाहीत. त्यांच्यावर चिकटवलेले शब्द मुलं चार दिवस बघतात, मग त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. कात्र्या, खडू, मणी, शब्दकार्डं, गोष्टींची पुस्तकं मात्र रोज बाहेर येतात आणि रोज जागेवर परत जायला हवी असतात. तिथे मूल पट्टी वाचतं, कारण हातातला डबा त्याला कुठेतरी ठेवायचा असतो.

सुरुवात आवराआवरीने करा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत कपाट रिकामं करून सगळं सतरंजीवर मांडा आणि गट मुलांनाच पाडू द्या. चिंचोके आणि मणी एका डब्यात ठेवायचे की वेगळे, यावर त्यांना हवं तेवढं भांडू द्या. स्वतः ठरवलेली जागा ती विसरत नाहीत. मुलांना रोज लागणारं सामान खालच्या फळ्यांवर ठेवा, तुमचं वर. मग आठवडाभर पट्ट्यांशिवायच वापरून बघा. जागा पक्क्या झाल्या की लिहा.

लिहायला जुन्या खोक्याचा पुठ्ठा, वर पांढरा कागद आणि जाड काळा मार्कर पुरतो. अक्षर साधारण ३ सेंटीमीटर उंच, सुटं आणि शिरोरेषा सरळ असावी. नक्षीदार अक्षर नकोच. संगणकावर छापणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ नीट तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे उमटतात, आणि बालभारतीच्या पुस्तकात मूल पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकत असतं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानलेली वळणंही तीच. नुकती अक्षरं ओळखू लागलेल्या मुलापुढे एकाच अक्षराची दोन रूपं ठेवू नयेत. योग्य फॉन्ट नसेल तर हाताने लिहा.

शब्दाशेजारी चित्र हवं, शक्यतो मुलांनीच काढलेलं. आणि प्रत्येक पट्टी दोनदा करा, एक डब्यावर आणि एक फळीवर, हुबेहूब सारखी. सगळ्या कामात ही गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. वाचता न येणारं मूलही दोन पट्ट्या जुळवून डबा बरोबर ठेवतं, आणि जुळवता जुळवता शब्दाचा आकार त्याच्या डोळ्यात बसतो. कात्री किंवा पंचिंग मशीन असेल तर जागेवर त्या वस्तूची बाह्यरेषाच आखा. काय गायब आहे ते लांबूनही कळतं.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं वर्गात असतील तर मराठी शब्दाखाली त्यांचा शब्दही देवनागरीत लिहा. तो पालकांकडून किंवा मुलांकडूनच विचारून घ्या, अंदाजाने लिहू नका. मराठीला काळा रंग, घरच्या भाषेला निळा, आणि हा नियम वर्षभर पाळा. आपल्या घरातला शब्द फळीवर दिसला की गप्प बसणारं मूलही बोलायला लागतं.

चुना लावलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही. तिथे दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पट्ट्या लटकवा. डब्यावरच्या पट्टीवर रुंद पारदर्शक टेप पूर्ण पसरून, कडेने बोटभर बाहेर येईल अशी लावा, म्हणजे पावसाळ्यात कड सुटत नाही. उंची मुलांच्या डोळ्यांइतकी. तुम्ही खाली बसून बघितलंत की लगेच कळेल.

शाळा सुटण्याआधीची पाच मिनिटं सामान जागेवर ठेवायला राखा आणि विचारायला येणाऱ्या मुलाला उत्तर न देता पट्टीकडे बोट करा. मधूनच फळीवरच्या दोन पट्ट्यांची गुपचूप अदलाबदल करून चूक शोधायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेका पट्टीवरचं चित्र काढून टाका आणि फक्त शब्द ठेवा. कुणी अडखळलं तर त्या पट्टीचं चित्र आणखी काही दिवस परत लावा. फाटलेल्या पट्ट्या मात्र आता दुसरीच्या मुलांनाच लिहू द्या. काना-वेलांटी ती एकमेकांची तपासतील.